इतिहास आणि भाषा: कोणत्या इयत्तेत नेमकं काय यायला हवं?

ढोबळमानाने चौथीपर्यंत घटना आधी-नंतर लावता याव्यात, आठवीपर्यंत कारण-परिणाम सांगता यावा आणि नववीपासून पुरावा तपासता यावा. भाषेची उद्दिष्टंही याच क्रमाने चढत जातात. दोन्ही विषय शिकवताना सतत दिसतं की 'त्यामुळे' आणि 'तरीही' वापरून वाक्य जमत नाही, तोवर मूल कारणं नुसती पाठ करतं.

फरक एकाच घटनेवर बघा. फ्रेंच राज्यक्रांतीत 14 जुलै 1789 ला पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग जमावाच्या हाती पडला. लहान मूल ती गोष्ट क्रमाने सांगेल. सातवीतलं मूल महाग पाव आणि करांचा बोजा यांच्याशी तिचा संबंध जोडेल. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या रोजनिशीत मात्र त्या तारखेला 'काही नाही' एवढंच आहे. राजा बेफिकीर होता, असं लगेच न लिहिता ही वही कशाची, हे दहावीच्या विद्यार्थ्याने विचारायला हवं. ती मुख्यतः शिकारीची नोंदवही होती! माझ्या मते सगळ्यात मोलाचं उद्दिष्ट हेच, आणि परीक्षेत तेच सर्वांत कमी विचारलं जातं.

इयत्तांच्या या रेषा पक्क्या मात्र नाहीत. वाचनात मागे असलेलं मूलसुद्धा तोंडी चर्चेत नेमकी कारणं सांगतं. त्याला लेखनासाठी मदत द्या, इतिहासाचं उद्दिष्ट खाली आणू नका.