डर्ट बाईक (कच्च्या, मातीच्या वाटांवरची मोटरसायकल) टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक?

नुसता सीसीचा आकडा बघून दोन्हींची तुलना करू नकोस. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला इंधनाचा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणून तर मोटोक्रॉसमध्ये (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत) 125 ची टू-स्ट्रोक आणि 250 ची फोर-स्ट्रोक एकाच वर्गात धरतात.

नवशिक्याला खरा फरक जाणवतो तो उजव्या मनगटात, म्हणजे थ्रॉटलवर. 125 ची टू-स्ट्रोक खालच्या आरपीएमला (इंजिनच्या कमी फेऱ्यांना) मरगळलेली असते आणि पॉवरबँडमध्ये (इंजिन पूर्ण जोर देतं त्या टप्प्यात) आली की एकदम उसळते. चिखलाच्या चढावर नेमकं तेव्हाच मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं. फोर-स्ट्रोक खालूनच ओढते, गिअर चुकला तरी सांभाळून घेते. उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडी आवरतं. टू-स्ट्रोकवर सगळी भिस्त ब्रेकवर.

मग टू-स्ट्रोक घेतातच कशाला? हलकी असते, दहाव्यांदा पडलेली गाडी उचलताना हे कळतं! शिवाय इंजिन साधं, पिस्टन-रिंग घरीही बदलता येतात. रेसिंगच्या फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह वरचेवर तपासावे लागतात आणि इंजिन फुटलं तर खिसा रिकामा. टू-स्ट्रोक प्रीमिक्सवाली (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायची) असेल तर ऑइल मोजूनच घाल: 40:1 म्हणजे लिटर पेट्रोलला 25 मिली. लांब उतारावर मधूनमधून थ्रॉटल हलका पिळत जा, कारण पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं.

माझं मत विचारशील तर ट्रेलसाठी (कच्च्या वाटांसाठी) एअर-कूल्ड (हवेने थंड होणारी), साधी फोर-स्ट्रोक घे. पाना हातात धरायची हौस असेल तरच टू-स्ट्रोक. जुनी घेताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपास आणि पिस्टन शेवटचा कधी बदलला ते विचार.