मेनफ्रेम व्हॉल्यूमचा डम्प टर्स (पॅक) केल्याशिवाय एफटीपीवर चढवू नका

तुमची अडचण मला कळली ती अशी: झेड/ओएस या आयबीएम मेनफ्रेमच्या सिस्टिमवरच्या एका ३३९०-९ व्हॉल्यूमचा (डिस्कचा) एडीआरडीएसएसयू या डीएसएसच्या बॅकअप प्रोग्रॅमने फुल डम्प, म्हणजे अख्ख्या व्हॉल्यूमची प्रत, घेतलात, बायनरी एफटीपीने तो लिनक्स सर्व्हरवर ठेवलात आणि परत आणून रिस्टोअर करायला गेलात, तर जॉब पडतोय. फाइलचे बाइट तर नेमके जुळतायत, मग बिघडलं काय?

बाइट जुळले, पण ब्लॉक जुळले नाहीत. डीएसएसचा डम्प आरईसीएफएम यू, म्हणजे रेकॉर्डची ठरावीक रचना नसलेल्या, प्रकारचा असतो. त्यातले ब्लॉक वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात आणि एक कुठे संपून दुसरा कुठे सुरू झाला, हे डिस्कवरच्या रचनेवरून कळतं. लिनक्सच्या फाइलला ब्लॉक-रेकॉर्ड काही ठाऊक नसतं. जाताना सगळे ब्लॉक एकमेकांना चिकटले आणि येताना एफटीपीने त्या सलग बाइटांचे आपल्या मापाने तुकडे पाडले. त्या फाइलवर आता विसंबू नका. मूळ व्हॉल्यूम शाबूत असेल तर बाकीची कामं बाजूला ठेवून आजच नवा डम्प घ्या.

या वेळी डम्प झाला की आधी तो एएमएटर्स या पॅक-अनपॅक करणाऱ्या प्रोग्रॅमने पॅक करा, यालाच टर्स करणं म्हणतात. झेड/ओएस १.९ पासून हा प्रोग्रॅम सिस्टिममध्येच मिळतो, वेगळा उतरवून घ्यावा लागत नाही. एसवायएसयूटी१ ला (इनपुट) डम्प, एसवायएसयूटी२ ला (आउटपुट) नवा डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल, पॅरममध्ये पॅक किंवा एसपॅक. एसपॅकने फाइल आणखी लहान होते, पण सीपीयू जास्त खातो. बाहेर पडणारी फाइल सरळ एफबी असते, १,०२४ बाइटांच्या एकसारख्या रेकॉर्डची, आणि मूळ फाइलच्या रचनेची माहिती तिच्या पोटातच राहते. मग ती बायनरीतून लिनक्सवर, विंडोजवर, कुठेही जाऊ दे.

परत आणताना मात्र एफटीपीच्या लोकसाइट कमांडमध्ये आरईसीएफएम एफबी, एलआरईसीएल (रेकॉर्डची लांबी) १०२४ आणि ब्लॉकसाइझ २७६४८ स्पष्ट सांगा. डिफॉल्टवर सोडलंत तर अनपॅक अडेल आणि तुम्ही उगाच डम्पला दोष द्याल. एक सोपी तपासणी मी नेहमी करतो: लिनक्सवरच्या फाइलच्या आकाराला १,०२४ ने पूर्ण भाग जायलाच हवा. बाकी उरली तर ट्रान्सफर अर्धवट आहे किंवा चुकून अस्की मोडमध्ये झाला आहे. लिनक्सवर फाइल पोचताच तिचा एसएचए-२५६ही (फाइलच्या मजकुराचा ठसा) काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी ती तीच आहे का हे पाहता येईल.

दोन्ही टोकांना झेड/ओएस असेल तर टाइप ई आणि मोड बी लावून, म्हणजे एब्सिडिक (मेनफ्रेमची अक्षरसंहिता) ब्लॉक मोडमध्येही रेकॉर्डच्या सीमा टिकतात. पण मधे लिनक्स आला की तो रस्ता बहुधा बंद, म्हणून माझा कौल टर्सलाच.

जागेचा हिशेब आधी करा. ३३९०-९ वर १०,०१७ सिलिंडर, दर सिलिंडरला १५ ट्रॅक, म्हणजे १,५०,२५५ ट्रॅक. साधा सिक्वेन्शिअल डेटासेट एका व्हॉल्यूमवर ६५,५३५ ट्रॅकच्या पुढे जात नाही. व्हॉल्यूम बऱ्यापैकी भरलेला असेल तर डम्पसाठी लार्ज फॉरमॅट घ्या किंवा तो अनेक व्हॉल्यूमवर पसरू द्या. वेळेचं म्हणाल तर पूर्ण ३३९०-९ साधारण ८.५ जीबीचा. १०० मेगाबिटच्या लाइनवर तेवढं कॉम्प्रेस न करता पाठवायला उत्तम परिस्थितीतही ११ मिनिटांच्या वर लागतात. ३३९०-५४ असेल तर सव्वा तास धरून चला.

रिस्टोअरमध्ये लोक सर्वाधिक अडखळतात ते व्हॉलसरपाशी, म्हणजे व्हॉल्यूमच्या नावापाशी. कॉपीव्हॉलआयडी (मूळ नाव टार्गेटला देणारा पर्याय) दिलं नाही तर टार्गेटचं जुनं नाव राहतं, पण कॅटलॉगमधल्या नोंदी मूळ नावाकडे बोट दाखवतात आणि व्हीव्हीडीएसच्या (व्हॉल्यूमवरच्या फाइलींची माहिती ठेवणारा डेटासेट) नावातही मूळ व्हॉलसर असतो. व्हीसॅम (मेनफ्रेमचा एक फाइलप्रकार) फाइली समोर असून हाती लागत नाहीत. दिलं, आणि मूळ व्हॉल्यूम त्याच सिस्टिमवर ऑनलाइन असेल, तर एका नावाचे दोन व्हॉल्यूम चालत नाहीत म्हणून टार्गेट ऑफलाइन जातो. तो बिघाड नव्हे. चाचणीसाठी मूळ व्हॉल्यूम जिथे दिसत नाही असा एलपार (मेनफ्रेमचा स्वतंत्र विभाग) घ्या, टार्गेट आयसीकेडीएसएफ या डिस्क तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने इनिट करा, कॉपीव्हॉलआयडीसह रिस्टोअर करा आणि त्या व्हॉल्यूमवर युजर कॅटलॉग असेल तर आयडीकॅम्स या कॅटलॉग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने इम्पोर्ट कनेक्ट करा. मग दोन-चार व्हीसॅम फाइली उघडून वाचा. नुसता शून्य रिटर्न कोड मला पुरेसा वाटत नाही.

डीबी२ डेटाबेसचा डेटा अनेक व्हॉल्यूमवर असेल तर चालू सिस्टिमवर एकेक करून घेतलेले डम्प एकमेकांशी जुळणार नाहीत. तिथे सेट लॉग सस्पेंड या कमांडने लॉग थांबवून सगळ्या व्हॉल्यूमची फ्लॅशकॉपी (स्टोरेजने झटक्यात घेतलेली प्रत) घ्या, लॉग पुन्हा सुरू करा आणि डम्प त्या कॉप्यांचा काढा.

आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेवा. टर्स फाइल उघडायला चालू झेड/ओएस लागतो. सिस्टिमच उभी राहत नसेल तर डीएसएसचा स्टँड-अलोन रिस्टोअर टर्स फाइल वाचू शकत नाही. म्हणून सिसरेसचा, म्हणजे सिस्टिम ज्यावरून सुरू होते त्या व्हॉल्यूमचा, एक डम्प टेपवर साधाच, टर्स न करता ठेवा, किंवा एखाद्या वेगळ्या व्हॉल्यूमवर छोटी रेस्क्यू सिस्टिम तयार ठेवा.

टर्स म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. व्हॉल्यूमवर रॅकफचा (यूजर आणि त्यांचे हक्क सांभाळणारी सुरक्षाप्रणाली) डेटाबेस असेल तर तोही त्या फाइलबरोबर लिनक्सवर जातो. एफटीपी टीएलएसवरूनच चालवा आणि त्या डिरेक्टरीचे हक्क मोजक्या लोकांनाच द्या.

नवा डम्प घेऊन पाहा. तरीही अनपॅक अडलं तर एएमएटर्सचा एसवायएसप्रिंट (संदेशांचा आउटपुट) आणि एफटीपीचा दोन्ही वेळचा पूर्ण लॉग इथे द्या. यूजर आयडी आणि आयपी पत्ते तेवढे आधी खोडा.