माझ्या पत्नीला सातव्या महिन्यात मधुमेह निघाला आहे, ती सतत खचलेली असते. मी तिची शुगर कशी सांभाळू?

तुमचा प्रश्न लांब आहे, पण त्यातलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत बसले. 'मी रोज चारही रीडिंग स्वतः वहीत लिहितो, चूक कुठे होते ते तिला दाखवतो, तरी ती माझ्याशी नीट बोलत नाही.'

माझ्याकडेही अशी एक वही आहे. अक्षर माझ्या नवऱ्याचं. मुलगी आता सात वर्षांची झाली, तरी ती वही मी फेकलेली नाही.

मला २६व्या आठवड्यात कळलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती तपासणी. उपाशीपोटी ९२ च्या आत हवी होती, माझी ९७ आली. एका तासाची आणि दोन तासांची दोन्ही मर्यादेत होत्या. मला वाटलं, तीनपैकी दोनमध्ये पास झाले. पण एक आकडा वर गेला तरी निदान होतं. त्याच दिवशी ग्लुकोमीटर आणला आणि रात्री नवऱ्याने पट्टीने रेघा मारून वहीत चार रकाने आखले: उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणानंतर, रात्रीच्या जेवणानंतर. उपाशीपोटी ९५ च्या वर किंवा जेवणानंतर एका तासाने १४० च्या वर गेली की लाल पेन.

जेवणानंतरचे आकडे आठवड्याभरात आटोक्यात आले. घास थोडे कमी, जेवणाच्या वेळा जास्त, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं, एवढ्यावर भागलं. सकाळची मात्र हलेना. १०१, ९९, १०४. रोज सकाळी डोळे उघडले की नवरा मीटर घेऊन उभा आणि आकडा बघून विचारायचा, "काल रात्री काय खाल्लंस?"

मी रात्रीचं जेवण कमी केलं. मग आणखी कमी केलं. शेवटी शेवटी दोन घास खाऊन उठायचे आणि भुकेने पहाटे तीनला जागी व्हायचे. तरी सकाळी लालच. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. उपाशीपोटीची शुगर ही रात्रीच्या जेवणाची पावती नसते. रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असतं. गरोदरपणात वारेतून (बाळाला आईच्या रक्तातून पोषण पोचवणाऱ्या अवयवातून) येणारी हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, आणि जसजसे दिवस भरत जातात तसतसा हा अडथळा वाढतो. ज्या बाईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून तो भरून काढायला पुरं पडत नाही, तिचा सकाळचा आकडा वर राहतो. ती उपाशी झोपली म्हणून तो खाली येतोच असं नाही.

मग मी खोटं सांगायला लागले. बोट मीच टोचायचे, मीटर पालथा ठेवायचे आणि म्हणायचे, ९१. तो वहीत निळ्या पेनाने ९१ लिहायचा आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा. नऊ दिवस असं चाललं. त्या नऊ दिवसांत घरात शांतता होती, आणि माझ्या पोटातल्या बाळाला खरी किती साखर जातेय हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आईची साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, आईचं इन्सुलिन पोचत नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि त्यावर वाढत जातं. हे मी वाचलेलं होतं. तरीही खोटं बोलत होते. यावरून माझी अवस्था काय असेल ते समजा.

३१व्या आठवड्याच्या तपासणीला तिथल्या सिस्टरने मीटर हातात घेतला आणि बटण दाबत मागे मागे गेली. मीटरमध्ये सगळं साठलेलं असतं, तारीख-वेळेसकट. तिने वही पाहिली, मीटर पाहिला, पुन्हा वही पाहिली. माझं वजन सव्वा किलोने उतरलं होतं आणि लघवीत कीटोन्स आले होते, म्हणजे अन्न कमी पडून शरीर चरबी जाळत होतं. नवरा तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं, खोटं का सांगितलंस?" सिस्टरने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने मला विचारलं, "रात्री भूक लागते का तुम्हाला?"

मी इतकी रडले की डॉक्टरांना थांबावं लागलं. पाच आठवड्यांत माझ्याबद्दलचा तो पहिला प्रश्न होता.

त्या रात्रीपासून इन्सुलिन सुरू झालं. झोपताना सहा युनिट, नंतर वाढवत दहा. इन्सुलिन म्हणजे आपण हरलो, असं मला आणि नवऱ्याला दोघांनाही वाटत होतं. प्रत्यक्षात पाच-सहा दिवसांत सकाळची ८८ ला आली, मी पोटभर जेवायला लागले आणि रात्रभर झोपले. सुईचं म्हणाल तर ती इतकी बारीक असते की बोट टोचण्याचा त्रास त्याहून जास्त. (बोटाच्या टोकाला मधोमध टोचू नका, कडेला टोचा आणि रोज बोट बदला.)

तुम्ही विचाराल की उपचारांनीच बायका खचतात का? खूप लोक तसं मानतात, की निदानच केलं नसतं तर बिचारी सुखात राहिली असती. हे चूक आहे. ऑस्ट्रेलियात याच प्रश्नावर १००० गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला निदान सांगून आहार, तपासण्या आणि लागेल तिथे इन्सुलिन दिलं. दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल मिळाली, मधुमेहाचं सांगितलंच नाही. बाळांच्या गंभीर गुंतागुंती पहिल्या गटात सुमारे १ टक्का, दुसऱ्यात ४ टक्के. आणि बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी बायकांना मनःस्थितीबद्दल विचारलं, तेव्हा निदान आणि उपचार मिळालेल्या बायकांमध्ये नैराश्य कमी होतं, तब्येतीबद्दलची त्यांची उत्तरंही जास्त चांगली होती. म्हणजे आजार माहीत असणं, टोचणं, मोजून खाणं, यांनी बाईचं आयुष्य खराब होतंच असं नाही. माझं खराब झालं ते रोज सकाळच्या उलटतपासणीने.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की तुम्ही तिची शुगर सांभाळूच नका. ती सांभाळेल, डॉक्टर सांभाळतील. मीटर आणि वही तिच्या हातात द्या. तिने दाखवली तर बघा. लाल पेन फेकून द्या. आकडा वर आला तर 'काय खाल्लंस' हा प्रश्न तुमच्या तोंडून निघता कामा नये, कारण त्याचा अर्थ तिला एकच ऐकू येतो, की बाळाला तू त्रास देते आहेस. जेवल्यावर तिच्यासोबत चालायला जा आणि चालताना दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला. ती जे खाते तेच तुम्हीही खा. एकाच घरात दोन ताटं वेगळी लागली की आजारी माणूस एकटं पडतं. नातेवाईक 'गोड खाऊन झालं असेल' म्हणाले तर उत्तर तिने द्यायचं नाही, तुम्ही द्यायचं. माझ्या वेळी हे वाक्य खुद्द माझ्या आईने म्हटलं होतं आणि नवरा मान हलवत बसला होता.

तो अजूनही चारचौघांत सांगतो, "मी वही ठेवली म्हणून सगळं सुखरूप झालं." मुलगी ३९व्या आठवड्यात झाली, ३.१ किलो. पहिल्या दिवशी तिच्या टाचेतून रक्त घेऊन शुगर बघत होते, ती व्यवस्थित राहिली. माझं म्हणणं असं, की सुखरूप झालं ते इन्सुलिनमुळे आणि त्या सिस्टरमुळे. वहीमुळे मी नऊ दिवस खोटं बोलले. आणि त्या वहीतलं शेवटचं पान बाळंतपणाच्या आदल्या दिवसाचं आहे. वार बाहेर पडली, इन्सुलिन बंद झालं आणि माझ्या शुगरमधला त्याचा रस तिथेच संपला. बाळंतपणानंतर पुन्हा तपासणी करायची असते, ती मी केली चौदा महिन्यांनी, एकटी जाऊन. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली निघाली. त्या तपासणीसाठी वहीत रकाना नव्हता. बाळ पोटात होतं तोवरच तो आकडा महत्त्वाचा होता का, हा माझा प्रश्न आजही त्याच्यासमोर आहे.

आता थोडं त्याच्या बाजूने. तो वाईट माणूस नाही. त्याला भीती वाटत होती आणि ती ठेवायला वहीशिवाय जागा सापडली नाही. काही बायकांना दुसऱ्याने नोंद ठेवलेली आवडतेही, मनावरचं ओझं उतरतं. तुमची पत्नी तशी असेल तर चालू ठेवा, पण आधी तिला विचारा. शिवाय माझा मधुमेह गरोदरपणात सुरू झालेला आणि सौम्य होता, आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी. माझं वाचून रीडिंग घेणं कमी करू नका किंवा इन्सुलिनचे युनिट बदलू नका. बाळाची हालचाल कमी वाटली तर वही, मीटर सगळं सोडून लगेच दवाखान्यात न्या. आणि ती दोन आठवड्यांहून जास्त अशीच खचलेली असेल, झोपायला वेळ असूनही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना हेही सांगा. नैराश्य हा वेगळा आजार आहे, त्यावर वेगळे उपचार आहेत आणि शुगर उतरल्यावर तो आपोआप जाईल असं धरून चालू नका.

वही ठेवायचीच असेल तर तिच्या शेवटच्या पानावर बाळंतपणानंतरचा चौथा ते बारावा आठवडा कोणत्या तारखांना येतो ते आजच लिहा. तीच ७५ ग्रॅमची तपासणी त्या काळात पुन्हा करायची असते, आणि ती नॉर्मल आली तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी शुगर तपासत राहायचं, कारण हा मधुमेह झालेल्या बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. त्या दिवशी रजा काढा. उपाशीपोटी जाऊन तिला तिथे दोन तास बसून राहावं लागेल. तोवर बाळाला तुम्ही सांभाळा.