पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्यावर भारतीय पासपोर्ट ठेवता येतो का? आणि कुळागराचं काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबांचा जन्म १९५७ चा, गोव्यातल्या डिचोलीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. त्यांच्या आधाराने पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायचं, नोकरीसाठी इंग्लंडला जायचं, भारतीय पासपोर्ट हातचा ठेवायचा आणि पुढे घरचं कुळागर (पोफळी-माडांची बागायत) आपल्या नावावर करून घ्यायचं, असा तुमचा बेत आहे.

दोन्ही पासपोर्ट ठेवता येणार नाहीत. पोर्तुगालची हरकत नसते, हरकत आपल्या कायद्याची आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमानुसार स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मग भारतीय पासपोर्टची मुदत अजून आठ वर्षं उरली असली तरी तो वापरायचा नाही, सरेंडर करायचा.

हे मी पोळलेल्या हाताने लिहितोय. मी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तेव्हा माझ्या एजंटाने भारतीय पासपोर्टबद्दल सांगितलं होतं, ‘असू दे कपाटात, कोण बघतं?’ मी ऐकलं, आणि २०१९ मध्ये त्याच पासपोर्टवर घरी येऊन गेलो. पुढे तो रद्द झाला. ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, सरेंडरचा दाखला मागतात, माझ्याकडे होता रद्द केल्याचा आदेश. अर्ज अडकला. २०२३ मध्ये बाबा आजारी पडले तेव्हा मी व्हिसा काढून आलो. दाबोळी विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहून फॉर्म भरला. भारतातला पत्ता या रकान्यात मी ज्या घरात जन्मलो त्याचाच पत्ता लिहिला आणि पेन तिथेच थांबलं. बाबांच्या उशाशी बसूनही व्हिसाचे दिवस मोजत होतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने आपल्यासारख्यांसाठी रद्द केल्याचा आदेशही चालेल असं ठरवलं, तेव्हा माझी वाट मोकळी झाली. तुम्ही त्या वाटेला जाऊच नका.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. तसं नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. येणं-जाणं, राहणं, फ्लॅट घेणं जमतं. मतदान, निवडणूक आणि सरकारी नोकरी गेली.

आता कुळागर. ओसीआयधारकाला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. बाबांनी बक्षीसपत्र करून दिलं तरी चालत नाही, आणि हे एजंट सांगत नाहीत. वारसाहक्काने मात्र मिळते. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणून बाबांच्या मनात हयातीतच तुम्हाला काही द्यायचं असेल, तर तो निर्णय अर्ज करण्याआधी घरात बसून घ्या. भावंडांना समोर बसवा. आपल्याकडच्या वारसा कायद्यात मुलांचा हिस्सा ठरलेला असतो, तेव्हा वकिलाचा सल्लाही आधीच घ्या.

इंग्लंडबद्दल. स्विंडन, साउथॉलला गेलेल्यांच्या गोष्टी ऐकून निघत असाल तर थांबा. ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे, ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे नव्याने जाऊन कामाला लागता येत नाही, व्हिसा लागतो. तो तर भारतीय पासपोर्टवरही काढता येतो! आयर्लंड, जर्मनी किंवा खुद्द पोर्तुगालला जायचं असेल तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

त्यातूनही करायचं ठरलं, तर आधी बाबांचा जन्म लिस्बनला नोंदवावा लागेल, मग आई-बाबांचं लग्न, मग तुमचा जन्म. बाबा म्हणतील, ‘माझी नुसती नोंद, मला कुठे पासपोर्ट हवाय?’ पण नुसत्या नोंदीने भारतीय नागरिकत्व जातं का, हा वाद गोव्यात निवडून आलेल्यांच्या बाबतीतही कोर्टापर्यंत गेलेला आहे. बाबांचं मतदान किंवा पेन्शन पणाला लावायचं का, हे त्यांना नीट समजावून विचारा. त्यांना न सांगता सही घेऊ नका.

आणखी एक. जुन्या नोंदीत नाईकचं ‘नाइके’, प्रभूचं ‘पोरोबो’, कामतचं ‘कामोतीं’ अशा धर्तीवर पोर्तुगीज स्पेलिंग असतं, आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळंच. माझे सात महिने त्यातच गेले. बाबांच्या मूळ जन्मनोंदीची प्रत काढून आडनाव, आजोबांचं नाव आणि तारीख आधारकार्डाशी ताडून पाहा. काय फरक निघतो ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.