सूत्री आणि अर्धसूत्री विभाजनाच्या अवस्था परीक्षेच्या आधी पक्क्या कशा कराव्यात?

अवस्थांची नावं पाठ करणं तूर्तास बाजूला ठेवा. कोऱ्या कागदावर फक्त ४ गुणसूत्रांची पेशी काढा: २ लाल, २ निळी, प्रत्येक रंगात एक लांब, एक आखूड. मानवी पेशीतली ४६ कुणालाच काढता येत नाहीत, म्हणून तर गोंधळ होतो.

मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राचे दोन धागे जिथे जोडलेले असतात ती जागा. पूर्वावस्थेत प्रत्येक गुणसूत्राला दोन अर्धगुणसूत्रं (हेच ते जुळे धागे) दिसतात, पण गुणसूत्रं ४च, मध्यावस्थेतही ४. पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगतात आणि पेशीत क्षणभर ८ गुणसूत्रं होतात. बहुतेकांचे गुण इथेच जातात, कारण ते दोन अर्धगुणसूत्रांना आधीपासूनच दोन गुणसूत्रं धरतात. अंत्यावस्थेत प्रत्येक केंद्रकात ४.

आता त्याच पेशीचं अर्धसूत्री विभाजन काढा. पहिल्या भागात लांब लाल आणि लांब निळं शेजारी येऊन जोडी लावतात (आखूडही तसेच) आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. मग जोड्या विलग होतात, गुणसूत्रबिंदू मात्र अखंड राहतात. म्हणून प्रत्येक पेशीत २. संख्या निम्मी होते ती याच टप्प्यावर, दुसऱ्या भागात नव्हे. दुसरा भाग हुबेहूब सूत्री विभाजनासारखा. शेवटी ४ पेशी, प्रत्येकीत २ गुणसूत्रं.

परिकलविभाजनात (म्हणजे पेशीद्रव्य विभागताना) प्राणीपेशीला बाहेरून खाच पडते, वनस्पतीपेशीत मध्यभागी पेशीपटल तयार होतं. दुसऱ्या दिवशी हीच आकृती पुस्तक मिटून काढा आणि प्रत्येक अवस्थेखाली आकडा लिहा. जिथे आकडा अडेल तेवढीच अवस्था पुन्हा वाचा.