कर्करोग झालेल्या लहान मुलांवर उपचार करणारे डॉक्टर रोजचे दुःख सोसतात कसे?

मी कर्करोगतज्ज्ञ नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. आमच्याकडची अशी मुले बहुधा मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जातात आणि दोन खेपांच्या मधल्या काळातली त्यांची रक्ततपासणी, ताप, उलट्या आणि घरच्यांची घालमेल माझ्याकडे येते. आपल्या प्रश्नात मृत्यूचे दुःख गृहीत धरले आहे, आणि ते आहेच. पण मला त्याहून कठीण जाते ते, बरे दिसणाऱ्या मुलाला पुन्हा उपचारांना न्या, हे आईवडिलांना पटवणे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग, त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. पहिल्या महिनाभराच्या औषधांनीच बहुतेक मुलांचा ताप जातो, भूक परत येते, मूल अंगणात धावू लागते. उपचार मात्र दोन ते तीन वर्षे चालू ठेवावे लागतात. देवगडकडच्या एका आंबाबागेत राखणीला असलेल्या वडिलांनी मला विचारले होते, "झील आता बरो आसा, मगे मुंबैक कित्याक जावचा?" ऐन हंगामात बाग सोडणे म्हणजे वर्षाची कमाई सोडणे, हे मला ठाऊक होते, म्हणून रागावण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्यांना बांडगुळाची आठवण दिली. कलमावरचे बांडगूळ वरवर छाटले की झाड मोकळे दिसते, पण फांदीत शिरलेले मूळ राहिले तर ते पुन्हा फुटते. तसेच रक्तात आजार दिसेनासा झाला तरी शरीरात कोट्यवधी रोगट पेशी शिल्लक असतात. ते बराच वेळ गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसने मुलाला घेऊन दादरला गेले.

हा धडा वैद्यकशास्त्रालाही मुलांनीच दिला आहे. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध दिले, जे आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते. अंथरुणाला खिळलेली मुले उठून बसली, पण काही महिन्यांत आजार परत आला. अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत पुढे रुजली, म्हणूनच आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या दहापैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. या औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळाले. हे ऐकून काही घरी पाल्याचा रस पाजतात. कळकळीची विनंती आहे की तसे करू नये, कारण झाडात ते औषध अत्यल्प असते, बाकीचे घटकही विषारी असतात आणि औषध मोजून शिरेतूनच द्यावे लागते.

माझी एक चूक इथे सांगितलीच पाहिजे. नवीन असताना गुडघे दुखतात म्हणून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला, वाढीच्या वयातले दुखणे समजून, मी तीन आठवडे वेदनाशामक देत राहिलो. शेवटी आईनेच परकर वर करून पोटरीवरचे निळे डाग दाखवले, आणि तो ल्युकेमिया निघाला. मुलगी वाचली, पण ते तीन आठवडे मी तिचे घालवले. तेव्हापासून लंगडणारे, रात्री हाडे दुखून जागे होणारे किंवा फिकट पडलेले मूल रक्त तपासल्याशिवाय मी घरी पाठवत नाही.

काही मुले जातात. त्या रात्री झोप येत नाही आणि सकाळी ओपीडीत पुढचे मूल समोर असते. बागेतला तो मुलगा खुर्चीवर बसला की न सांगता डावा हात पुढे करतो, कारण उजव्या हाताच्या शिरा आता सापडत नाहीत; त्याची आई वहीत प्रत्येक तपासणीची तारीख आणि पांढऱ्या पेशींचा आकडा लिहून ठेवते, आणि आकडा उतरलेला असताना ताप आला तर पावसापाण्याची वाट न पाहता तासाभरात मुलाला माझ्याकडे आणते.

दर सोमवारी मी तारीख चुकवलेल्या घरी फोन करतो. या आठवड्यात अशी दोन घरे होती. एक कुटुंब उद्या निघते आहे. दुसऱ्याचा फोन लागत नाही, म्हणून तिथल्या आशाताईंना घरी जाऊन यायला सांगितले आहे.