टॉम अँड जेरीमधल्या त्या बाईचा चेहरा का दाखवत नाहीत? आणि काही भागांत ती गोरी कशी होते?

चेहऱ्याचं कारण साधं आहे. सगळा खेळ मांजर-उंदराच्या उंचीवरून दिसतो, त्यामुळे माणसांचे पायच जास्त दिसतात. १९५० च्या 'सॅटरडे इव्हनिंग पुस'मध्ये मात्र ती टॉमची पार्टी मोडायला क्लबातून घराकडे धावत सुटते, तेव्हा क्षणभर तिचा चेहरा दिसतो. व्हिडिओ थांबवत थांबवत बघा, सापडेल.

रंगाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. ही मॅमी टू शूज, १९४० च्या पहिल्याच भागापासूनची. जाडजूड, हातात झाडू, सतत ओरडणारी कृष्णवर्णीय बाई म्हणजे त्या काळच्या अमेरिकन सिनेमातला ठरलेला साचा. कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला होता. १९५२ नंतर ती नव्या भागांतून गेली. पुढे साठच्या दशकात टीव्हीसाठी जुने भाग बदलले, तिच्या जागी बहुतेक भागांत तशीच जाडजूड, तर 'सॅटरडे इव्हनिंग पुस'मध्ये सडपातळ गोरी बाई काढली आणि आवाजही बदलला. तुम्ही पाहिलेली ती हीच.

मला हा उपाय मूळ दोषापेक्षा फार बरा वाटत नाही. तिचा आवाज होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. श्रेयनामावलीत तिचं नाव आधीच नसायचं, या बदलात आवाजही पुसला गेला. आणि स्फोट झाला की टॉमचं तोंड काळं करून केसांच्या शेंड्या उभ्या करायच्या, हा कृष्णवर्णीयांची टिंगल करणारा 'विनोद' तर मॅमी नसलेल्या भागांतही आहे. काही वाहिन्या तेवढाच तुकडा कापतात.